सूडाच्या नाटकांकडे जाताना

आपल्याकडच्या महाविद्यालयांत इंग्रजीचा वर्ग एका खोलीत भरतो आणि मराठीचा दुसऱ्या. एकीकडे शेक्सपिअर आणि वेबस्टर यांच्या शोकांतिका शिकवल्या जातात, दुसरीकडे देवल आणि खाडिलकर. दोन्हीकडे खून पडतात, दोन्हीकडे फितुरी असते, आणि मेलेल्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहून त्यात स्वतःही होरपळून निघते. तरीही या दोन खोल्यांतले विद्यार्थी एकमेकांच्या नाटकांविषयी क्वचितच बोलतात. त्यांना एका बाकावर बसवावे, या इच्छेतून हे छोटे पुस्तक तयार झाले. आणि ज्यांचे महाविद्यालय कधीच मागे पडले, ज्यांनी रेल्वेत किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी केली, केळीची बाग सांभाळली, पण नाटकाची ओढ सोडली नाही, अशा भुसावळ परिसरातल्या वाचकांसाठीही ते आहे. परीक्षा नसलेला वाचक या नाटकांना अधिक चांगला न्याय देतो, असा माझा अनुभव आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिला जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला आणि १६२५ मध्ये वारला. त्याच्या कारकिर्दीतल्या नाटकांना जेकोबियन म्हणतात. सूडाची शोकांतिका त्याच्याही आधी, एलिझाबेथ राणीच्या काळात, टॉमस किडच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी'ने लंडनमध्ये लोकप्रिय केली होती, आणि किडच्या मागे पहिल्या शतकातला रोमन नाटककार सेनेका होता. साचा ठरून गेलेला: एक खून, न्याय मागणारे भूत, सूडाची शपथ, वेडाचे सोंग, दिरंगाई, आणि शेवटी रंगमंचभर प्रेते. जेकोबियन नाटककारांनी हा साचा उचलला आणि भुताला हळूहळू रजा दिली. त्यांच्या नाटकांतला दरबारच इतका नासलेला असतो, की अन्यायाची वार्ता सांगायला थडग्यातून कोणी उठून येण्याची गरज पडत नाही.

१६०७ मध्ये लेखकाच्या नावाशिवाय छापलेली 'रिव्हेंजर्स ट्रॅजेडी' याचा उत्तम नमुना आहे. पूर्वी हे नाटक सिरिल टर्नरच्या नावावर होते. आज बहुतेक अभ्यासक ते टॉमस मिडलटनचे मानतात. त्याचा नायक व्हिंडिस मृत प्रेयसीची कवटी हातात घेऊनच रंगमंचावर येतो. ती वश होईना म्हणून म्हाताऱ्या ड्यूकने तिला विष दिलेले असते. व्हिंडिस त्याच कवटीला नटवतो, तिच्या तोंडाला विष चोपडतो आणि अंधाऱ्या जागी ड्यूकला तिचे चुंबन घ्यायला लावतो. पहिल्या वाचनात अंगावर काटा येतो. दुसऱ्या वाचनात लक्षात येते, की हा माणूस आता ड्यूकइतकाच कल्पक आणि निर्दय झाला आहे आणि त्याला त्यात गोडी वाटू लागली आहे. ज्यांना हे दुसरे वाचन करावेसे वाटेल, त्यांना या नाटकांचा खरा ऐवज हाती लागेल.

मराठीला या परंपरेची ओळख अडीचशे वर्षे उशिरा झाली, पण झाली ती घट्ट. १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणले. हे नाटक जेम्सच्या दरबारापुढे १६०४ च्या नोव्हेंबरात खेळले गेले होते. म्हणजे शेक्सपिअर मराठीत शिरला तोच सूडाच्या दाराने. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते. त्या १०१ दिवसांत आगरकरांनी 'हॅम्लेट' हाती घेतले, आणि १८८३ मध्ये 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले. १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'ला पुरता मराठी पोशाख चढवून 'झुंझारराव' लिहिले. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी चंद्रसेन या नावाने हॅम्लेट उभा करीत आणि झुंझाररावही. त्या भूमिकांची कीर्ती महाराष्ट्रभर पोचली होती. नाटक मंडळ्या तेव्हा आगगाडीने फिरत. वऱ्हाड-खानदेशचा दौरा म्हटला की भुसावळ टळत नसे, कारण इथूनच एक वाट नागपूरकडे फुटते आणि दुसरी खंडव्याकडे. डेन्मार्कच्या राजपुत्राचे दुःख मराठी मुलखात पसरले त्यात या रुळांचाही वाटा आहे, आणि भुसावळकराला त्याचा थोडा अभिमान वाटला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

या परंपरेचे सर्वांत समर्थ वारस म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. जन्म १८७२ चा, सांगलीचा. शिक्षण डेक्कन कॉलेजात. पुढे 'केसरी'त टिळकांचे सहकारी. विशी नुकतीच ओलांडली असताना, १८९३ मध्ये, त्यांनी 'सवाई माधवरावांचा मृत्यू' लिहिले. त्यात तरुण पेशवा हॅम्लेटच्या वळणाने जातो आणि केशवशास्त्री इयागोच्या. मग 'कीचकवध' १९०७ मध्ये आणि 'भाऊबंदकी' १९०९ मध्ये आले. आज खाडिलकर म्हटले की 'मानापमान' आणि 'स्वयंवर' आठवतात, बालगंधर्वांचे सूर आठवतात. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह असल्यामुळे आपल्या भागात तर ते साहजिकच आहे. तरीही खाडिलकरांची गद्य नाटके मला अधिक मोलाची वाटतात. वाचकांनी 'भाऊबंदकी'पासून सुरुवात करावी आणि मग लंडनकडे जावे, असे मी सुचवेन.

'भाऊबंदकी'चा विषय शाळेच्या इतिहासातून सर्वांच्या ओळखीचा आहे. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले, धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याला कापून काढले. चुलता राघोबादादा पेशवाईवर बसला. पुढे नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी त्याच्याविरुद्ध कारस्थान उभे केले, आणि १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेला, गंगाबाईला, मुलगा झाला तेव्हा राघोबाचा डाव संपल्यात जमा झाला. खानदेशच्या वाचकाला या कथेतला आणखी एक भाग जवळचा वाटेल, जो शाळेत सहसा सांगितला जात नाही. बारभाईंच्या फौजा पाठीवर घेऊन राघोबा उत्तरेकडे निघाला तो बऱ्हाणपुरावरून, तापी ओलांडून माळव्यात गेला. गरोदर आनंदीबाईला त्याने धारच्या किल्ल्यात ठेवले, आणि तिथेच जानेवारी १७७५ मध्ये दुसरा बाजीराव जन्मला. पुण्याच्या वाड्यात सुरू झालेल्या शोकांतिकेचा एक अंक असा आपल्याच नदीच्या काठाने गेला आहे. खंडव्याच्या गाडीत बसून बऱ्हाणपुराच्या अलीकडे तापी दिसली, की ही गोष्ट जरूर आठवावी.

आता अवतरणांविषयी. परीक्षेतला 'संदर्भासह स्पष्टीकरण करा' हा प्रश्न पुष्कळांना रटाळ वाटतो. सूडनाट्याच्या अभ्यासाची किल्ली मात्र त्यातच आहे. वाक्य कोणी म्हटले, कोणाला, केव्हा, आणि ते आणखी कोणाच्या कानावर पडले, एवढे चार प्रश्न मनापासून विचारले तर वाक्याचा अर्थ डोळ्यांदेखत पालटतो. परंपरेने नारायणरावाच्या तोंडी घातलेली 'काका, मला वाचवा' ही हाक घ्या. मराठी मुलखात ती ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. सुटी ऐकली तर ती भेदरलेल्या पोराची किंकाळी आहे. मग प्रश्न विचारायला लागा. हाक मारणारा अठरा वर्षांचा आहे, पण राज्याचा धनी आहे. ज्याला तो हाक मारतो, त्याला त्याच्याच राजवटीत वाड्यात अटकेत ठेवलेले आहे. भोवती गारदी आहेत, त्यांचा पगार थकलेला आहे आणि त्यांना दुसऱ्याने शब्द दिलेला आहे. अशा वेळी तो पेशवा म्हणून हुकूम सोडत नाही, पुतण्या म्हणून पदर पसरतो. हुकमाचा उपयोग संपला हे त्याला कळले आहे. नाते मात्र अजून शाबूत असेल, एवढीच त्याची आशा. ज्या नात्याने त्याचा घात केला त्याच नात्याला तो मिठी मारतो. तीन शब्दांत एवढे सारे आहे, आणि ते चार प्रश्नांवाचून हाती येत नाही.

'ध'चा 'मा' केल्याची गोष्टही अशीच पारखून घ्यावी. आनंदीबाईने गारद्यांच्या हुकमात 'धरावे'चे 'मारावे' केले, ही आख्यायिका पुराव्याने सिद्ध झालेली नाही, आणि अभ्यासकाने तसे स्वच्छ सांगितले पाहिजे. पण लोकांनी ती इतकी वर्षे जपली, त्यालाही कारण आहे. एका अक्षराच्या खाडाखोडीने माणूस मारता येतो, ही धास्ती दरबारी कारभाराखाली राहिलेल्या प्रत्येक समाजाला असते. ख्रिस्तोफर मार्लोच्या 'एडवर्ड द सेकंड'मध्ये मॉर्टिमर कैदेतल्या राजाविषयी मुद्दाम विरामचिन्हाशिवाय लॅटिन हुकूम धाडतो. एका ठिकाणी थांबून वाचावा तर जीवदान, दुसऱ्या ठिकाणी थांबावे तर मृत्यू. हॅम्लेट समुद्रप्रवासात स्वतःच्या वधाचे पत्र चोरून वाचतो आणि नवे पत्र लिहून दोन जुन्या सोबत्यांना मरणाच्या हवाली करतो. ही तीन पत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहा. आपल्या गोष्टीत सगळा दोष बाईच्या बोरूवर टाकला गेला आणि तलवार चालवणारे पुरुष मात्र अर्धवट विस्मृतीत गेले, हेही तेव्हा नजरेत भरेल.

पात्रांचा अभ्यास करताना वही उघडून नायक आणि खलनायक असे दोन रकाने आखण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि त्याऐवजी कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे आधी पाहावे. नारायणरावाच्या खुनाच्या हकिकतीत चाफाजी टिळेकर नावाचा एक सेवक आहे. धन्याला वाचवायला तो अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबर तोडला गेला. त्याच्या हाती ना राजकारण होते, ना लाभ. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये, म्हणजे १६०५-०६ च्या सुमाराच्या नाटकात, ग्लॉस्टरचे डोळे काढले जात असताना असाच एक नोकर पुढे होतो आणि आपल्याच धन्यावर तलवार उपसतो. त्याची धन्याला झालेली जखम प्राणघातक ठरते, आणि तोही पाठीमागून वार होऊन पडतो. शेक्सपिअरने त्याला नाव दिलेले नाही. आपल्या माणसाचे नाव इतिहासाने राखले, याचे मला फार समाधान वाटते. सूडाच्या नाटकात सगळे जण काही ना काही हिशेब करीत असतात. हे दोघे हिशेब न करता मरतात, आणि त्यामुळे बाकीच्यांची उंची मोजायला आपल्याला एक खूण मिळते.

आता या पुस्तकामागचा मुख्य विचार. जेकोबियन सूडनाट्यात दाद मागायला जागाच नसते. वेबस्टरच्या १६१२ च्या 'व्हाइट डेव्हिल'मध्ये व्हिट्टोरियाचा खटला चालतो, पण आरोप करणारा कार्डिनल मॉन्टिसेल्सो तोच निकाल देणारा, आणि मेलेला माणूस त्याचाच नातलग. व्हिंडिसने फिर्याद करावी तर ती कोणापुढे? ड्यूकपुढेच. म्हणून तिथला माणूस शस्त्र उचलतो, आणि उचलल्या क्षणापासून नासत जातो. खाडिलकरांच्या हाती मात्र इतिहासाने एक वेगळाच माणूस दिला होता: रामशास्त्री प्रभुणे. पेशव्यांचा न्यायाधीश सत्तेवर बसलेल्या पेशव्याला समोरासमोर दोषी ठरवतो आणि देहान्त प्रायश्चित्त सांगतो. हा प्रसंग 'भाऊबंदकी'चा प्राण आहे. इथे सुडाची जागा निकालाने घेतली आहे. तलवारीचे काम एक वाक्य करते, आणि ते बोलणाऱ्याच्या कमरेला काहीही नसते.

पण तेवढ्यावर थांबू नका. निकाल दिला, अंमल कोणी करायचा? ज्याने शिक्षा भोगायची, सगळी शिबंदी त्याच्याच हुकमात. रामशास्त्री पुणे सोडून जातात. राघोबा पुढे दहा वर्षे जगतो, इंग्रजांशी सुरतेचा तह करतो, मराठ्यांच्या दारात परक्या फौजा आणतो आणि १७८३ मध्ये कोपरगावला मरतो, तोही कोणाच्या तलवारीने नव्हे. लंडनच्या नाटकांत शेवटी निदान हिशेब चुकता होतो, मग तो कितीही विद्रूप असो. आपल्याकडे न्याय पुरता उच्चारला जातो आणि अपुरा राहतो. या अपुरेपणात मला मराठी शोकांतिकेचा स्वतःचा स्वभाव दिसतो. न्यायालयाच्या व्हरांड्यात वाटणीच्या दाव्याची पुढची तारीख घेऊन परतणारी सख्खी भावंडे ज्यांनी पाहिली आहेत, बांधावरून धरलेली डूख दोन पिढ्या कशी पोसली जाते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा स्वभाव समजावून सांगावा लागणार नाही.

'कीचकवधा'त दिरंगाईचा प्रश्न आहे. हॅम्लेट का थांबतो, यावर तीनशे वर्षे शाई खर्ची पडली. पांडव का थांबतात, हे मात्र विराटपर्व वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते: अज्ञातवासाचे वर्ष पुरे होण्याआधी ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. सैरंध्री झालेल्या द्रौपदीला विराटाच्या भरसभेत कीचक लाथ मारतो, राजा गप्प बसतो, आणि कंक बनलेला युधिष्ठिर भीमाला आवरतो. थांबण्यामागे नियम आहे, शब्द आहे, आणि समोर अपमानित झालेली बायको आहे. रात्री ती मुदपाकखान्यात जाऊन भीमाला जागे करते. थांबणे हा धर्म कुठपर्यंत आणि भ्याडपणा कुठून सुरू, हा प्रश्न इतका उघडावाघडा मला इंग्रजी सूडनाट्यात सापडलेला नाही.

१९०७ च्या प्रेक्षकांनी त्यात आपला काळ वाचला. लॉर्ड कर्झनचा कारभार आणि बंगालची फाळणी ताजी होती. कीचकात कर्झन, सैरंध्रीत भारतमाता, युधिष्ठिरात नेमस्त आणि भीमात जहाल दिसायला कोणी शिकवावे लागले नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा तो बदला होता. त्यानंतर लवकरच, १९१० मध्ये, सरकारने 'कीचकवधा'वर बंदी घातली. व्हॅलेंटाइन चिरोलने त्याच वर्षीच्या आपल्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात या नाटकाची सविस्तर दखल घेतली. नाटकाची एवढी धास्ती सरकारने घ्यावी, यातच त्याचे बळ दिसते. वाचकांनी हे रूपक समजून घ्यावे, पण नाटक त्यातच कोंडू नये. कर्झन गेला, द्रौपदीने भीमाला विचारलेला प्रश्न अजून आहे.

एवढी तयारी झाली की जॉन वेबस्टरच्या 'डचेस ऑफ माल्फी'कडे वळावे. लंडनमधल्या गाड्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या या मुलाने हे नाटक १६१३-१४ च्या सुमारास लिहिले आणि ते १६२३ मध्ये छापले गेले. कथा सोळाव्या शतकाच्या आरंभी इटलीत खरोखर घडलेली आहे. तरुण विधवा डचेस आपल्या कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, गुपचूप लग्न करते. तिचे दोघे भाऊ, जुळा भाऊ फर्डिनंड आणि कार्डिनल, घराण्याची अब्रू आणि मालमत्ता या नावाखाली तिचा जीव घेतात. मराठी वाचकाला हे वाचताना आपलाच काळ आठवेल. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. खाडिलकर पहिले नाटक लिहीत होते ते हेच वर्ष.

या नाटकात भावांनी बहिणीवर बोसोला नावाचा हेर ठेवलेला असतो. कार्डिनलसाठी खून करून त्याने गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा भोगलेली आहे आणि त्याचा मोबदला त्याला कधीच मिळालेला नाही. डचेसला दिवस गेल्याचा संशय आल्यावर तो तिला मोसमातली पहिली जर्दाळू आणून देतो आणि ती किती आधाशीपणे खाते ते पाहत उभा राहतो. डोहाळे पुरवण्याची रीत ज्यांच्या घरात आहे, त्यांना या प्रसंगातले क्रौर्य इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळेल: लेकी-सुनांच्या कौतुकाची गोष्ट इथे पुराव्यासाठी वापरली गेली आहे.

चौथ्या अंकाचा दुसरा प्रवेश मात्र सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचावा. भावाने वेड्यांची टोळी पाठवून तिचा छळ करून झाला आहे, फास आणि शवपेटी समोर आहे. विद्यार्थी इथले एकच प्रसिद्ध वाक्य पाठ करतात, ज्यात ती आपले पद अजूनही आपलेच असल्याचे सांगते. ते वाक्य मोठे आहेच. पण थोडे पुढे जा. मरणाच्या दारात ती दासी कॅरिओलाला सांगते, की धाकट्याला सर्दी झाली आहे, त्याला औषध द्यावे. आणि मुलीने निजण्याआधी प्रार्थना म्हणावी. चार प्रश्न इथे विचारून पाहा. ऐकणारी कॅरिओला स्वतः काही क्षणांत मरणार आहे. मुले जिवंत आहेत असे आईला वाटते, ती उरणार नाहीत हे तिला माहीत नाही. आणि मारेकरी सारे ऐकत उभे आहेत. पदाचे वाक्य जगाला उद्देशून होते, हे औषधाचे वाक्य घरातले आहे. पहिल्याने ती राणी ठरते. दुसऱ्याने फर्डिनंडचे सगळे जग, अब्रू, रक्त, घराणे, केवढे पोकळ आहे ते उघडे पडते. मृत बहिणीकडे पाहून फर्डिनंड जे बोलतो तेही असेच तपासावे. एका ओळीत तीन तुकडे आहेत: पहिल्यात आज्ञा, दुसऱ्यात त्याचे स्वतःचे डोळे, तिसऱ्यात तिचे वय. बोलता बोलता तो हुकूम देणाऱ्यापासून भावापर्यंत येतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वाचनाच्या पद्धतीविषयी थोडेसे. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीची धास्ती घेऊ नका. पहिल्यांदा कथानकापुरते वाचा, अडलेला शब्द सोडून पुढे जा. दुसऱ्यांदा दोघांनी मिळून पात्रे वाटून घेऊन वाचा. समासात प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापाशी ऐकणाऱ्याचे नाव लिहा, बोलणाऱ्याचे तर छापलेलेच असते. बाजारातल्या नोट्स परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उपयोगी पडतील, पण त्यांतली 'महत्त्वाची अवतरणे' आधी वाचली तर नाटक त्या दहा वाक्यांपुरते आकसते. जुन्या नटांची आठवण सांगणारे कोणी घरात असतील तर त्यांच्याजवळ बसा. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त दुर्गा खोटे यांनी आनंदीबाई केली आणि नानासाहेब फाटकांनी राघोबा; पुढे याच दोघांनी शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये मॅकबेथ आणि त्याची पत्नी यांच्या भूमिका केल्या. एकच नटी आनंदीबाईही होते आणि लेडी मॅकबेथही, यावरून या दोन स्त्रियांचे नाते वर्गातल्या तासापेक्षा अधिक लवकर उमगते.

एक वाद या पुस्तकात मुद्दाम मोकळा ठेवला आहे. रामशास्त्र्यांनी पुणे सोडले ते बरोबर केले का? काहींचे म्हणणे असे, की निकाल देऊन निघून जाणारा न्यायाधीश खुन्याला रान मोकळे करून देतो. त्यांनी थांबून बारभाईंच्या हाताला बळ द्यायला हवे होते. दुसऱ्या बाजूचे वाचक बोसोलाकडे बोट दाखवतात. तोही शेवटी मेलेलीच्या बाजूने उभा राहतो, थांबतो, तलवार उचलतो, आणि अंधारात ज्याला वाचवायचे त्या अँटोनिओलाच भोसकतो. माझा कल रामशास्त्र्यांकडे आहे, पण पहिल्या बाजूचा मुद्दा हलका नाही, आणि शेवटच्या दोन प्रकरणांत दोन्ही बाजू त्या त्या मताच्या जोरानेच मांडल्या आहेत. तुमचे मत तिसरेच असेल तर ते समासात लिहून ठेवा, आणि नाटकातले कोणते वाक्य त्याला आधार देते तेही शेजारी लिहा.

भुसावळ